लेस्टरचं देणं

लेस्टर विद्यापीठातल्या, मी तिथे गेलो तेव्हा निवृत्तीला टेकलेल्या एका गृहस्थांचं माझ्यावर ऋण आहे. नाव छापलेलं त्यांना आवडणार नाही. तिथल्या रीतीप्रमाणे मी त्यांना पहिल्या नावाने हाक मारायचो. मनात मात्र ते कायम 'सर'च होते.

१९७५च्या ऑगस्टमध्ये सर तिथे कामाला होते. एरियल-५ हा ब्रिटिश उपग्रह आदल्या वर्षी, १५ ऑक्टोबरला, केनियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात उभारलेल्या तळावरून सुटला होता. क्ष-किरण वातावरणातच अडकतात, म्हणून हा सगळा खटाटोप. केन पाउंड्स यांच्या लेस्टरच्या गटाचं उपकरण उपग्रहाच्या गिरक्यांबरोबर आकाश पिंजून काढत असे. ३ ऑगस्टला त्यात मृगाच्या पूर्वेला, शृंगाश्व तारकासमूहात, एक नवाच स्रोत उमटला. आठवडाभरात त्याने स्को एक्स-१ या तेजस्वी स्रोतालाही मागे टाकलं. सूर्य सोडला तर तोवर क्ष-किरणांत इतकं तेजस्वी काही कुणी पाहिलं नव्हतं. नाव पडलं ए०६२०-००: एरियलचा 'ए', पुढे आकाशातला पत्ता.

मी लेस्टरला गेलो त्या काळात संगणक क्षणात आलेख काढून देत. तरीही सरांनी माझ्यापुढे त्या स्रोताच्या जुन्या नोंदींची चळत ठेवली, कडेला भोकं असलेले घडीचे कागद, आणि हातात पेन्सिल दिली. "एकेक बिंदू तू मांड." प्रत्येक बिंदूला त्रुटीची उभी रेघ हवीच, हा त्यांचा दंडक. मी मांडत गेलो. चढ ताठ, जेमतेम आठवड्याचा. उतार महिनोन्‌महिने रेंगाळलेला, त्यात मध्येच पुन्हा एक फुगवटा. चहाचा मग घेऊन ते शेजारी बसत, एखाद्या बिंदूवर बोट ठेवून विचारत, "हा असा बाजूला का पडला?" आणि मी उत्तर शोधेपर्यंत थांबत. घाई कधीच नाही. इतक्या धीराने मला कुणी शिकवलं नव्हतं.

त्या उतारामागे काय घडत होतं, तेही मला त्यांच्यामुळेच उमगलं. केशरी रंगाचा एक लहान तारा पावणेआठ तासांत जोडीदारासह एक फेरी पुरी करतो. त्याचा वायू जोडीदाराभोवतीच्या तबकडीत वर्षानुवर्षं साचतो; मग तबकडी तापते आणि साठा आत कोसळतो. जोडीदार स्वतः दिसत नाही. १९८६ मध्ये मॅक्लिंटॉक आणि रेमिलार्ड या खगोलशास्त्रज्ञांनी ताऱ्याच्या वेगावरून त्याचं वस्तुमान काढलं: किमान तीन सूर्यांइतकं. न्यूट्रॉन ताऱ्याला एवढं वजन पेलवणं कठीण, म्हणजे ते कृष्णविवरच असणार.

२८ सप्टेंबर २०१५ला श्रीहरिकोटाहून अॅस्ट्रोसॅट हा भारतीय उपग्रह झेपावला, तेव्हा मी मुंबईत होतो. त्यावरच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या (टीआयएफआर) मृदू क्ष-किरण दुर्बिणीचा कॅमेरा लेस्टरच्या सहकार्याने झालेला. संध्याकाळी मी सरांना फोन केला. बोलताना माझा आवाज भरून आला, आणि त्याचं मला काहीच वाटलं नाही.

हार्वर्डच्या जुन्या छायाचित्रांच्या काचांवर ए०६२०-००चा तारा १९१७ मध्ये उजळलेला सापडला, हेही सरांनीच सांगितलं होतं. म्हणजे दोन उद्रेकांत ५८ वर्षं. अशा ताऱ्यांना वेळापत्रक नसतं, हे बजावायलाही ते विसरले नव्हते. तरी पुढचा उद्रेक माझ्या हयातीत व्हावा आणि तेव्हा आपला एखादा उपग्रह तिकडे वळलेला असावा, ही आशा मी सोडलेली नाही.