फिरणारा नंबर आणि लाल फीत

जब्बार पटेल यांचा ‘सिंहासन’ (१९७९) परवा आम्ही घरच्या मंडळींसोबत पुन्हा पाहिला. अरुण साधू यांच्या कादंबऱ्यांवरील या कृष्णधवल चित्रपटातले राजकारण आम्हांला आता पाठच झाले आहे. म्हणून या वेळी लक्ष गेले ते टेबलांवरच्या वस्तूंकडे. काळा, जड टेलिफोन पाहून नातवाने विचारले, “आजोबा, नंबर दाबायचा कुठे?” दाबायचा नाही, फिरवायचा, असे सांगताना ध्यानात आले, की “जरा नंबर फिरव रे” असे आम्ही त्याला आजही म्हणतो, पण त्यातले फिरणे त्याने कधी पाहिलेलेच नाही.

फायलींचेही तेच. लालफितीचा कारभार वर्तमानपत्रांत रोज भेटतो. ती फीत मात्र नव्या पिढीने पाहिलेली नाही. आणि दप्तर तर कचेरीतून निघून केव्हाच मुलांच्या पाठीवर जाऊन बसले!

आमचे वडील १९५६ पूर्वीच्या मुंबई राज्यात, बेळगावात कारकून होते. दौत, टाक, टीपकागद, लाखेची कांडी, शिक्क्याची गादी हा त्यांचा संसार. पुढे राज्य बदलले, कागदावरची भाषा बदलली. टेबल बरीच वर्षे तेच राहिले. मध्यंतरी एका कचेरीत आमचा मराठी अर्ज परत आला. कारकुनाने कन्नडमध्ये सांगितले, की कन्नडमध्ये लिहा, खाली ‘रुजु’ करा आणि ‘टपालु’ विभागात द्या. दुखावलो खरे, पण शब्द एकही अडला नाही. कन्नडमध्ये रुजु म्हणजे सही. आपण मराठीत नोकरीवर रुजू होतो. टपाल, शाई, खुर्ची, कचेरी हे शब्दही थोड्याफार फरकाने दोन्हीकडचे. ज्या भाषेत आम्हांला नकार मिळाला, तिच्यात आमच्या वडिलांच्या टेबलावरचे निम्मे शब्द होते. हे त्या कारकुनाला सांगावेसे वाटले. रांग मोठी होती, राहून गेले.

वडिलांच्या वस्तूंपैकी एकच उरली आहे : खालून अर्धगोल, वर मूठ असलेला लाकडी ठोकळा. त्याला टीपकागद लावून ओल्या अक्षरांवर झुलवीत. नातवाने नाव विचारले, तेव्हा आम्हांला ते आठवेना. घरात कोणालाच आठवले नाही. गायकवाडांच्या बडोद्यात, होळकरांच्या इंदुरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी दप्तरे लिहिली गेली. तिथल्या वाचकांच्या घरी याला काय म्हणत, ते कळवावे.