आत्याचं नाव एक-ई मध्ये आहे, पंचनाम्यात नाही

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत आमच्या आत्याचं दोन एकर सोयाबीन तीन दिवस पाण्यात होतं. पाणी ओसरलं तेव्हा शेंगांना कोंब फुटलेले. पंचनाम्याला माणसं आली, बांधाअलीकडच्या शेताचे फोटो काढले आणि तिथूनच परत फिरली. पलीकडे आत्याचं शेत. "हे गायरान आहे, सातबारा नाही, आमच्या हातात काही नाही." आत्या म्हणाली, "पाण्याला बरं सातबारा लागला नाही!"

पुढच्याच महिन्यात शासनाने ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, मर्यादा तीन हेक्टर. रक्कम तुटपुंजी आहे हे सगळेच बोलले. ती कोणाच्या खात्यात जाते हे फार थोडे बोलले. ई-पीक पाहणी सातबाऱ्यावर, फार्मर आयडी सातबाऱ्यावर, अनुदानाची यादीही त्यावरूनच. आत्याच्या शेजारी बटईने कसणाऱ्या एका भावकीतल्या माणसाचं बियाणं, खत, राबणं सगळं त्याचं. पैसे मालकाच्या खात्यात पडले. मालक बटई कागदावर आणत नाही, कूळ लागेल म्हणून. आणि ज्या बाया सोयाबीन काढणीच्या मजुरीवर दिवाळी करतात, त्यांचं नुकसान कोणत्याच रकान्यात बसत नाही.

साथींनो, "सरसकट मदत द्या" म्हणत आपणही मोर्चात गेलो. मीही घोषणा दिल्या. सरसकट म्हणजे सातबारावाले सरसकट, हे तेव्हा माझ्याही डोक्यात आलं नाही. चूक आपलीही आहे.

हे गायरान कोणी फुकट दिलेलं नाही. १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात, दादासाहेब गायकवाडांच्या हाकेला ओ देऊन, आजोबा तुरुंगात गेले होते. सुटून आल्यावर त्यांनी हा माळ फोडला. दगड वेचून वेचून आजीच्या बोटांची नखं गेली होती, हे आत्या अजून सांगते. १४ एप्रिल १९९० पूर्वीची अशी अतिक्रमणं नियमानुकूल करायचा शासन निर्णय १९९१ मध्ये निघाला. आमचा प्रस्ताव तेव्हापासून फिरतोच आहे. बाबासाहेबांनी १९४७ सालीच 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये जमीन राज्याच्या मालकीची करून जात न पाहता गावकऱ्यांना कसायला द्या म्हटलं होतं. इथे जमीन राज्याचीच आहे, कसणारीही आहे, तरी ती अतिक्रमणदार!

पण एक गोष्ट लक्षात घ्या. गाव नमुना एक-ई ही अतिक्रमणांची नोंदवही. तिच्यात आत्याचं नाव आहे, गट नंबर आहे, क्षेत्र आहे. दंडाच्या पावत्या तिने पत्र्याच्या पेटीत जपून ठेवल्यात. म्हणजे दंड घ्यायला शासन तिला नावानिशी ओळखतं. नुकसान भरपाईच्या वेळीच ओळख विसरतं. मालकी हक्काचा वाद चालेल तेवढा चालू द्या. मदत मालकीची नाही, बुडालेल्या पिकाची आहे. ज्याचं नाव एक-ई मध्ये आहे आणि ज्याचं पीक शेजाऱ्यांच्या साक्षीने उभं होतं, त्याचा पंचनामा करायला अडचण कसली?

आम्ही तहसीलला अर्ज दिला: एक-ईचा उतारा, पावत्या, दोन्ही बांधांच्या शेजाऱ्यांचे जबाब. त्यातला एक शेजारी मराठा समाजाचा, त्याने न सांगता सही केली. पोच घेतली आहे, उत्तर नाही. तुमच्या गावातले गायरानधारक गाठा, आधी एक-ईचा उतारा काढा. पुढचा पाऊस यायच्या आत.

आत्याने उसन्या बियाण्यावर हरभरा पेरलाय.