तोफगाड्यांचे रंग

माझ्या खोलींतील पुस्तकांच्या कपाटाचा एक खण गेलीं सहा वर्षें पुस्तकांना पारखा झाला आहे. त्या खणांत नेपोलियनच्या काळांतले तोफखाने उभे आहेत. एकेक तोफ माझ्या करंगळीएवढी. तिच्याभोंवतालचे गोलंदाज उंचीनें इंचभर. धातूचे हे तुकडे पाकिटांतून येतात तेव्हां राखी नि ओबडधोबड असतात. त्यांना कानस लावावी, चाकें जोडावीं, अस्तराचा एक हात द्यावा आणि मग कुंचला उचलावा. पन्नाशी ओलांडलेल्या इतिहासाच्या प्राध्यापकानें रविवारची सकाळ अशा उद्योगांत घालवावी याचें पुष्कळांना हंसूं येतें. पूर्वीं मलाहि आलें असतें. परंतु ज्या ग्रिबोव्हालनें 1765 सालीं फ्रेंच तोफखान्याची नवी घडी बसवून तोफा नि गाडे हलके केले, त्याच्यावर वर्षानुवर्षें व्याख्यानें देऊनहि विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर जें कुतूहल कधीं उमटलें नव्हतें, तें एक चिमुकली तोफ टेबलावर ठेवतांच उमटलें. तेव्हांपासून मी या छंदाची लाज सोडली.

छंद आला कीं त्याच्या पाठोपाठ हट्ट येतो. माझा हट्ट असा कीं, तोफगाड्याचा रंग खरा असला पाहिजे. त्या काळीं गाड्यांना रंग देत तो शत्रूपासून लपण्यासाठीं नव्हे, तर लांकूड पावसानें कुजूं नये आणि लोखंड गंजूं नये म्हणून. जवसाच्या तेलांत रंगद्रव्य घोटावयाचें आणि थरावर थर चढवावयाचे. फ्रेंचांचे गाडे ऑलिव्हच्या फळासारखे हिरवे. पण गंमत अशी कीं, या हिरव्यांत हिरवें असें कांहीं नसतेंच. भिंतीला लावतात ती पिवडी घ्यावी, तींत थोडी काजळी मिसळावी, कीं हा शेवाळी रंग तयार होतो. काजळी घातलीच नाहीं तर झाला ऑस्ट्रियाचा गाडा, कारण तो नुसत्या पिवळ्या मातीच्या रंगाचा. पिवडीऐवजीं सफेता घेऊन त्यांत काजळी टाकली कीं इंग्रजांचा करडा. रशियाचा हिरवा फ्रेंचांपेक्षां वेगळा, आणि प्रशियाचा गाडा फिकट निळा. लोखंडी सामान या सर्वांचें काळें. तोफांच्या नळ्या मात्र कांशाच्या. शंभर भाग तांब्याला अकरा भाग कथील हें फ्रेंचांचें प्रमाण.

पुस्तकांत एवढें सांपडतें. पण पुस्तकांत सांपडतें तें रंगाचें नांव, रंग नव्हे. 'फिकट निळा' म्हणजे किती फिकट? बाजारांत एकाच नांवाच्या दोन बाटल्या घ्याव्या, तर त्या एकमेकींशीं जुळत नाहींत. शिवाय मोठ्या गाड्याचा रंग जसाच्या तसा करंगळीएवढ्या गाड्याला दिला तर तो काळवंडलेला दिसतो. त्यांत थोडें पांढरें मिसळावें लागतें. खरें दिसण्यासाठीं खऱ्यापासून किंचित् ढळावें लागतें, हा धडा मला इतिहासाच्या कोणत्याहि ग्रंथानें इतक्या स्पष्टपणें दिला नव्हता.

माझे एक स्नेही या खटाटोपाची थट्टा करतात. एकदां ते म्हणाले, "अहो, वॉटर्लूच्या आदल्या रात्रीं इतका पाऊस झाला, कीं जमीन वाळेपर्यंत नेपोलियनला सकाळीं थांबावं लागलं, असं तुम्हीच सांगतां. मग 18 जून 1815 ला सगळ्यांचे गाडे एकाच रंगाचे नव्हते का? चिखलाच्या?"

"चिखल मी चाकांना लावीनच," मीं उत्तर दिलें, "पण त्या चिखलाखालीं खरा रंग हवा."

या स्नेह्यांना जी गोष्ट मीं कधीं सांगितली नाहीं ती येथें सांगतों. हिरवा आणि तपकिरी यांतला भेद मला कळत नाहीं. लहानपणीं आई परसांतून लाल मिरच्या तोडून आणावयास सांगे. मी हिरव्याहि घेऊन येई, आणि ती मला वेंधळा म्हणे. पुढें वैद्यकीय तपासणींत ठिपक्यांच्या चित्रांत दडलेला आंकडा मला दिसेना, तेव्हां त्या वेंधळेपणाला शास्त्रीय नांव मिळालें. प्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञ जॉन डाल्टन यानें 1794 सालीं स्वतःच्या अशाच दोषावर निबंध वाचला होता. आपल्या डोळ्यांतील द्रवच निळसर असला पाहिजे असा त्याचा तर्क होता. 1844 सालीं तो वारल्यावर त्याच्याच इच्छेप्रमाणें डोळा उघडून पाहिला, तों द्रव अगदीं स्वच्छ निघाला!

तात्पर्य, कपाटांतील त्या खणाचे सारे रंग माझ्या पत्नीनें कालवलेले आहेत. नेपोलियनविषयीं तिला फारशी आस्था नाहीं. मी पुस्तकांतलें नांव वाचून दाखवावें, तिनें जुन्या बशींत रंग कालवावा, मीं तो गाड्याला द्यावा आणि तोफेच्या बैठकीखालीं सैन्य, तोफ नि तारीख बारीक अक्षरांत लिहून ठेवावी, असा आमचा क्रम. प्रशियाच्या निळ्याशीं आम्ही प्रथम आलों तेव्हां ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "आमच्या माहेरीं रानांत जवस फुलतो, तसा असेल." मला फार आनंद झाला. ज्या तेलांत तो रंग घोटीत, त्याच झाडाच्या फुलाचें माप त्याला मिळालें होतें. तेव्हांपासून आमच्या घरीं प्रशियाचें नांव 'जवस' असें पडलें.

गेल्या महिन्यांत तिच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचें ऑपरेशन झालें. आठवड्यानें सहज ती माझ्या खोलींत आली आणि कपाटासमोर उभी राहिली.

"हा जवस कुणी रंगवला?"

"कुणी म्हणजे? रंग तुझाच."

"इतका भडक निळा मी दिला?" तिनें उजव्या डोळ्यावर तळहात धरला. "आतां बरोबर दिसतो." मग हात डाव्या डोळ्यावर नेला. "आणि आतां भडक!" लहान मुलीप्रमाणें ती कितीतरी वेळ एकेक डोळा झांकून पाहत होती.

उलगडा कठीण नव्हता. मोतीबिंदू होतांना डोळ्यांतील भिंग हळूहळू पिवळें पडतें आणि निळा प्रकाश अडवूं लागतें. डाल्टनचा तर्क त्याच्या स्वतःच्या डोळ्यापुरता खोटा ठरला होता. माझ्या घरीं, निळ्याऐवजीं पिवळ्यापुरता, तो खरा निघाला. माहेरच्या रानांतलें फूल मनांत तसेंच होतें. तें बशींत उतरावें म्हणून ती दर खेपेस थोडा अधिक निळा घालीत आली होती. मीं प्रशियाच्या आठहि तोफा तारखांच्या क्रमानें टेबलावर मांडल्या. नव्या डोळ्यानें पाहून ती सांगूं लागली: ही त्या पहिलीपेक्षां निळी, ही तिच्याहून, ही तर फारच.

इतिहासाच्या अभ्यासकाला याहून चांगलें साधन कोणतें मिळावयाचें? सहा वर्षांची नोंद, तारखांसह. पण मला आनंद झाला नाहीं. कारण निळा हा एकच रंग असा, कीं जो मला इतरांप्रमाणें दिसतो. पुढच्या पुढच्या तोफा मलाहि गडद वाटल्या होत्या. परंतु रंगाच्या बाबतींत आपले डोळे खोटे आणि तिचे खरे, ही संवय इतकी जुनी होती कीं मी बोललों नाहीं. अलीकडे ती "दिवा जरा इकडे घ्या" असें वारंवार म्हणे, आणि माझ्या बाजूला अंधार होतो म्हणून मी कुरकुरत असें. 1815 सालीं बर्लिनचा निळा कसा होता यावर मी रात्र रात्र वाचीत होतों. शेजारीं बसलेल्या माणसाचा निळा हळूहळू विझत होता याचा पुरावा माझ्याच हातानें तारखा घालून कपाटांत ठेवीत होतों.

मीं हें तिला बोलून दाखवलें. ती म्हणाली, "मलाच कळलं नाहीं, तें तुम्हांला काय कळणार?" हें खरेंहि असेल, पण त्यानें माझें समाधान झालें नाहीं.

सगळ्या तोफा नव्यानें रंगवूं या, असा तिचा आग्रह आहे. "तुम्हांला खरा रंग हवा ना? मग आतां मला दिसतोय." तिचें म्हणणें बिनतोड आहे, आणि पुढच्या सगळ्या तोफा त्या डोळ्यानेंच रंगतील. पण त्या आठ तोफांना कुंचला लावावयास माझा हात धजत नाहीं.

डाव्या डोळ्याचें ऑपरेशन पुढच्या महिन्यांत आहे. काल रात्रीं दिवा तिच्याकडे सरकवून मीं एक न रंगवलेली तोफ तिच्यापुढें ठेवली आणि उजवा डोळा झांकून एकदां जवस कालवून दे, अशी विनंति केली.

"अहो, तो चुकेल कीं!"

"चुकूं दे."

तिनें माझ्याकडे दोन्ही डोळ्यांनीं पाहिलें, मग उजव्यावर हात धरून बशी पुढें ओढली. आज सकाळीं रंग वाळला. बैठकीखालीं मीं लिहिलें आहे: प्रशिया, सहा पौंडी, डावा डोळा.