दाढेतली वादी

आमच्या गोठ्यातली कडबाकुट्टी २०१७ पासून बंद आहे. भंगारवाल्यानं दोनदा मागितली, मी दिली नाही. म्हटलं, राहू दे डोळ्यासमोर.

त्या मे महिन्यात लेकीचं पोरगं सुट्टीला आलं होतं. वय दहा. मी कुट्टीला पेंढ्या लावत होतो. "आबा, मी लावू?" म्हणालं. मी म्हटलं, लाव. रुळानं पेंढीबरोबर हात आत ओढला. मोटारीचं बटण माझ्यापासून दोन पावलांवर होतं. ती दोन पावलं अजून माझी चालून झाली नाहीत. उजवा हात कोपराच्या वरून गेला.

लेक मला एका शब्दानं बोलली नाही. पण त्यानंतर ना ती माहेरी आली, ना पोराला पाठवलं. भेटायचं तर मीच एसटीनं जायचा.

२०२४ साली असाच गेलो होतो. टीव्हीवर पॅरिसचं पॅरालिम्पिक चाललेलं. जम्मूकडच्या किश्तवाडची शीतल देवी, जन्मापासून दोन्ही हात नाहीत. खुर्चीवर बसून उजव्या पायानं धनुष्य धरती, खांद्यानं दोरी ओढती. राकेश कुमारबरोबर तिनं कांस्यपदक घेतलं. पोरगं म्हणालं, "आबा, तिला दोन्ही नाहीत. मला एक तरी हाय."

तालुक्याला धनुर्विद्या शिकवणारे एक सर आहेत. ते म्हणाले, अमेरिकेच्या जेफ फॅब्रीनं २०१२ ला लंडनमध्ये दातानं दोरी ओढून सुवर्णपदक घेतलंय, तुलाही जमंल. रीत साधी आहे. दोरीवर बाण अडकवतात तिथं पट्टीचा तुकडा बांधायचा, तो दाढेत धरायचा. पुढच्या दातांचं हे काम नाही, ते हातात येतील. मान जाग्यावर ठेवून डाव्या हातानं धनुष्य पुढं रेटायचं. नेम बसला की तोंड उघडायचं, बाण सुटला.

सरांनी नायलॉनची पट्टी दिली. ती थुंकीनं बुळबुळीत व्हायची आणि ओठाची कड कापायची. पोरगं काही सांगायचं नाही, पण जेवताना तिखट बाजूला सारायचं. ते मी बघितलं.

मला बाणातलं कळत नाही. वादीतलं कळतं. बैल विकले तरी त्यांच्या घुंगरांचा चामडी पट्टा खुंटीला होता. त्यातली वादी कापली, साबणाच्या पाण्यानं घासून सावलीत वाळवली. गावातल्या चांभारानं दुहेरी करून मेणदोऱ्यानं शिवली. तोंडात जायची म्हणून खोबरेल तेवढं लावलं.

आठवडाभर बाण चांगले गेले. मग रोज थोडे थोडे खाली लागायला लागले. सर धनुष्य तपासत बसले. मी वादी मोजली, तर बोटाच्या पेराएवढी लांबलेली! वादी लांबली की दोरी तेवढी कमी मागं येती, बाणाचा जोर मोडतो. विहिरीचा नवा नाडा आम्ही आधी भिजवून ताणून घेतो, तेच इथं विसरलो होतो. दुसरी वादी भिजवली, आढ्याला बांधून तिला वाळूचा डबा दोन रात्री टांगला. मग ती हलली नाही.

चार महिन्यांत दाढांचे खड्डे पडून वादी चिरती. आतापर्यंत पाच केल्या. दाताच्या डॉक्टरांकडं पोराला अधूनमधून दाखवतो. दाढा दणकट आहेत, आमच्या घराण्याकडनं आल्यात. माझ्या मात्र आता ऊस खायच्या कामाच्या राहिल्या नाहीत.

परवा लेकीचा फोन आला. "आण्णा, वादी फाटाय आलीया. दुसरी करून ठेवा."

"पोस्टानं धाडतो."

"नको. मे महिन्यात आम्ही दोघं येतोय तिकडं."

फोन ठेवला आणि पाना घेऊन गोठ्यात गेलो. कुट्टीचे बोल्ट गंजून बसलेत. डिझेल सोडून ठेवलंय. सकाळी भंगारवाल्याला निरोप धाडला.