प्रवरेकाठचे ‘हाड’

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातला काळा पाषाण म्हणजे थंड झालेला लाव्हा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या त्या आगीत हाड टिकणार कसे? विहिरीच्या खोदकामात निघतात ते चमचमणारे स्फटिक. फोडलेल्या दगडावर कधी पानासारखी काळी नक्षी दिसते, तीही बहुधा मँगनीजची. जीवाश्म पाहायचे ते नदीकाठच्या जुन्या गाळात. नेवाशाला प्रवरेच्या खोऱ्यात प्राण्यांचे जीवाश्म आणि अश्मयुगीन हत्यारे मिळाली. डॉ. सांकळिया यांनी १९५६ मध्ये त्यांची माहिती प्रसिद्ध केली.

म्हणून आमचा भाचा प्रवरेकाठून बोटाएवढी पांढरट नळी घेऊन आला, तेव्हा आम्ही ती फेकून दिली नाही. पण घरात गोष्ट भलतीकडेच गेली. एका बुजुर्ग पाहुण्यांनी मोबाइलवर राक्षसी सांगाड्याचा फोटो दाखवला. हा आद कौमचा माणूस, आणि हे बोटही तसल्याच कुणाचे! हा फोटो तुमच्याकडेही आला असेल. अमेरिकेत २००० साली हत्तीसारख्या एका प्राचीन प्राण्याचे उत्खनन झाले होते. तिथल्या फोटोत माणसाचा सांगाडा बसवून २००२ मध्ये एका स्पर्धेसाठी हे चित्र तयार केले गेले. कुरआनातल्या आदच्या उल्लेखाला असल्या बनावट पुराव्याचा टेकू कशाला हवा? वडीलधाऱ्यांसमोर असे बोलणे जड जाते. पण मूल ऐकत होते, म्हणून आम्ही अदबीने बोललो.

निकाल मात्र अम्मीने दिला. नळी आणि पाये साफ करण्यात तिची हयात गेली आहे. मधल्या भोकाकडे बोट दाखवून भाचा म्हणत होता, “नानी, ही मगजाची जागा.” अम्मीने तुटलेले टोक उजेडात धरले. हाडाला बाहेरून घट्ट भिंत असते आणि सांध्याकडे आत बारीक जाळी. इथे जाळी नव्हती, नुसते कांद्यासारखे पापुद्रे होते. ती चुनखडी निघाली. झाडाच्या मुळाभोवती चुना साचतो, मूळ कुजते आणि नळी उरते.

लिंबाचा रस टाकला की चुनखडीवर बुडबुडे येतात. पण चुना मुरलेल्या खऱ्या जीवाश्मावरही ते येतात, तेव्हा त्यावर भिस्त नको. क्षार भरल्याने जीवाश्म बहुधा ताज्या हाडापेक्षा जड लागतो. ताज्या हाडाला पेटत्या काडीचा चटका दिला तर केस जळाल्यासारखा वास येतो. मुलांना हे एकट्याने करू देऊ नये.

काठावरच्या घट्ट खडीच्या थरात खरेच हाड किंवा दाढ दिसली, तर उपसू नका. वय ठरवायला तो थरच उपयोगी पडतो. शेजारी नाणे ठेवून फोटो घ्या, जागा लिहून ठेवा आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजला कळवा. वाळूचा डंपर तिथवर पोहोचण्याआधी.