अठरा होल आणि ब्रेलचा कागद

अंध मुलांच्या शाळेसाठी गोल्फची स्पर्धा भरवायचं ठरलं, तेव्हा खेळाची बाजू सांभाळायला माणसं लगेच पुढे आली. येरवड्याच्या गोल्फ कोर्सवर नेमाने खेळणारे काही निवृत्त लष्करी अधिकारी होते, दोन-तीन उद्योजक होते. कोर्स मिळवणं, खेळाडूंचे हँडिकॅप, म्हणजे खेळातल्या कौशल्याचे आकडे, तपासणं, बॅगा वाहणाऱ्या कॅडींची सोय ही त्यांची रोजची कामं. प्रायोजक मिळवण्याचं काम माझ्याकडे आलं. मी गोल्फ खेळत नाही, पण शाळेत पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायला बरीच वर्षं जाते. मुलांना काय लागतं ते मला विचारावं, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं.

स्पर्धेचा हिशेब सरळ होता. अठरा होल, प्रत्येक होलवर चौघांचा गट आणि सगळ्यांची एकाच वेळी सुरुवात, ज्याला शॉटगन स्टार्ट म्हणतात. म्हणजे 72 खेळाडू. त्यांच्या प्रवेश फीमधून कोर्सचं भाडं, कॅडींचे पैसे, जेवण आणि ट्रॉफ्या भागणार. मुलांसाठी जे उरायचं ते प्रायोजकांकडूनच यायला हवं होतं. एका होलमागे 25,000 रुपये धरले. त्या बदल्यात, जिथून पहिला फटका मारतात त्या टीजवळ प्रायोजकाच्या नावाचा फलक लागणार होता.

मी आधी खराडी-हिंजवडीच्या मोठ्या कंपन्या गाठल्या. सीएसआरचे पैसे असतातच, ते मिळतील असा आमच्या समितीचा समज होता. एका कार्यालयात एका तरुण अधिकारी मुलीने मला बसवून, चहा देऊन कायदा समजावला. 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 135 खाली येणाऱ्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. पण आपल्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेलं प्रायोजकत्व त्यात धरता येत नाही. होलवर कंपनीचा लोगो लागला की तो खर्च मार्केटिंगचा. ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही चुकीच्या दारात नाही आलात, पण इथे दोन दारं आहेत. दोन वेगवेगळी पत्रं आणा."

हा नियम मला मनापासून पटला. मुलांच्या नावाने खर्च दाखवायचा आणि फलक स्वतःचा मिरवायचा, याला आडकाठी असायलाच हवी. त्यानंतर मी खरोखरच दोन पत्रं केली. एक मार्केटिंगवाल्यांसाठी, होलच्या फलकाचं. दुसरं सीएसआर समितीसाठी. त्यात गोल्फचा उल्लेखही नव्हता, होता तो ब्रेल छपाईचा आणि मुलांना एकट्याने चालायला शिकवणाऱ्या शिक्षकाच्या वर्षभराच्या पगाराचा. ज्यांना देणगीच द्यायची होती, त्यांना 80जीची पावती. आमच्या सीएंनी आणखी एक बारीक गोष्ट लक्षात आणून दिली. देणगीदाराचं नुसतं नाव कृतज्ञतेने लिहिलं तर ती देणगीच राहते; त्याच्या धंद्याची जाहिरात केली की जीएसटीचा प्रश्न येतो. फलकावरचा मजकूर त्यामुळे एकेक शब्द पारखून लिहावा लागला.

मोठ्या कंपन्यांची उत्तरं सावकाश येत होती, म्हणून मी भोसरीच्या एमआयडीसीत फिरले. तिथली एक भेट मला कायम लक्षात राहील. टर्निंगचं जॉबवर्क करणारं छोटं शॉप, मालक स्वतः मशीनवर. मी पत्रक काढायच्या आधी ब्रेलची पाटी आणि स्टायलस त्यांच्या हातात दिला. त्यांनी हात पुसले, पाटीच्या खाचांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हा तर पंच आहे." मी सांगितलं, सहा टिंबांत सगळी अक्षरं बसतात, पाटीवर लिहिताना मूल उजवीकडून डावीकडे टोचत जातं, कारण कागद उलटला की टिंबं वर येतात आणि डावीकडून उजवीकडे वाचता येतात. त्यांनी स्वतः कागद घालून एक ओळ टोचली, उलटी करून बोटाने चाचपली. मग एकामागून एक प्रश्न. कागद जाड का? साध्या कागदावर टिंब फुटतं किंवा लगेच बसतं. छापील पुस्तकाचं ब्रेलमध्ये काय होतं? त्याचे जाडजूड खंड होतात, आणि शाळेला ते दरवर्षी लागतात. पांढरी काठी किती टिकते? मूल उंच झालं की लांब काठी हवी, शिवाय खालचं टोक रस्त्यावर घासून झिजतं.

"म्हणजे हा कन्झ्युमेबल खर्च आहे ताई," ते म्हणाले. "मशीन एकदा कोणीही देतं. इन्सर्ट रोज कोण देणार?" इन्सर्ट म्हणजे मशीनवर धातू कापणारं, झिजलं की बदलावं लागणारं पातं.

त्यांनी एका होलचा चेक दिला. फलक नको म्हणाले, पावती मात्र घेतली. जाताना शेजारच्या दोन शॉपवाल्यांना स्वतः हाक मारली.

त्या दिवसापासून मी बोलायची पद्धत बदलली. "अंध मुलांना मदत करा" असं म्हणणं सोडलं. 25,000 रुपयांत किती रिमं ब्रेल कागद येतो, किती काठ्या येतात, अंकगणिताच्या किती टेलर फ्रेम येतात, हे दुकानाच्या कोटेशनसह पुढे ठेवू लागले. दया वाटून दिलेला पैसा एकदा येतो. गरज समजून दिलेला पुन्हा येतो, असं माझं ठाम मत झालं आहे.

एका मोठ्या प्रायोजकाची अट मात्र मी स्वीकारली नाही. बक्षीस समारंभात मुलांनी कंपनीचे टी-शर्ट घालून गाणी म्हणावीत, त्याचं चित्रीकरण व्हावं, असं त्यांना हवं होतं. मुलं गातात, सुरेख गातात, पण कुणाच्या चेकची परतफेड म्हणून त्यांनी का गावं? समितीत यावर बरीच खडाजंगी झाली, कारण रक्कम लहान नव्हती. शेवटी एक निवृत्त कर्नल म्हणाले, "मुलं येतील ती खेळायला येतील." आणि विषय मिटला. तो प्रायोजक गेला.

कर्नलसाहेबांचं बोलणं हवेतलं नव्हतं. अंध गोल्फ हा रीतसर खेळ आहे. अमेरिकेत मिनेसोटातल्या डुलुथचे क्लिंट रसेल 1924 मध्ये टायर फुटून दृष्टी गमावल्यावर पुढच्याच वर्षी गोल्फ खेळू लागले होते. अंध खेळाडूबरोबर एक डोळस साथीदार असतो. तो चेंडूमागे क्लब नीट लावून देतो, फटका मात्र खेळाडूचाच. 2023 पासून तर गोल्फच्या मुख्य नियमांतच अपंग खेळाडूंसाठी स्वतंत्र नियम आला आहे.

स्पर्धेच्या सकाळी मुलं पटिंग ग्रीनवर आली. चेंडूपासून होलपर्यंत ती चालत गेली, पावलं मोजली, तळव्यांनी उतार ओळखला. होलपाशी उभा राहून एक कॅडी झेंड्याच्या काठीवर टकटक करत होता. आठवीतल्या एका मुलीने दुसऱ्याच प्रयत्नात चेंडू आत घातला आणि लगेच विचारलं, "आता लांबून?" आपापल्या होलकडे निघालेले खेळाडू थबकून बघत राहिले. त्यातल्या एका उद्योजकांनी तिथेच मला बाजूला घेऊन, चालायला शिकवणाऱ्या शिक्षकाच्या पगाराचं काय झालं, असं विचारलं.

अठराही होलना प्रायोजक मिळाले. त्यातले निम्म्याहून अधिक भोसरी आणि चाकणचे छोटे कारखानदार. शिक्षकाच्या पगारासाठी त्या तरुण अधिकारी मुलीच्या कंपनीने सीएसआरमधून मंजुरी दिली, स्पर्धेनंतर काही महिन्यांनी. प्रत्येक प्रायोजकाला आम्ही खरेदीच्या बिलांची प्रत आणि शाळेच्या साठा नोंदवहीतल्या पानाची प्रत पाठवली. यंदाच्या पत्रकात मुलांचे फोटो नाहीत. पहिल्याच पानावर ब्रेल कागदाचं कोटेशन आहे आणि काठीच्या टोकांसाठी वेगळी रक्कम मागितली आहे.