आपट्याच्या फलाटापर्यंत

पनवेलहून गोव्याच्या दिशेने जाणाऱ्या महामार्गावर पळस्पे फाटा मागे पडला की शिरढोण लागते. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म १८४५ साली याच गावी झाला. त्यापुढे कर्नाळा किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका डोंगरावर दिसू लागतो आणि रस्ता पक्षी अभयारण्याच्या झाडीत शिरतो. उन्हाळ्यातही येथे हवेत किंचित गारवा जाणवतो. खिंड ओलांडून थोडे पुढे गेले की डावीकडे आपट्याचा फाटा येतो. पनवेलपासून आपटा फार तर वीस किलोमीटर. तरीही या वीस किलोमीटरांनी आम्हा उभयतांना जे शिकवले, ते पूर्वीच्या शेकडो किलोमीटरांच्या प्रवासांनी शिकवले नव्हते.

दसऱ्याला आपण ज्या झाडाची पाने सोने म्हणून वाटतो, त्याच झाडाचे नाव या गावाला आहे. गावाजवळून पाताळगंगा वाहते. सह्याद्रीवरील तलावांचे पाणी खोपोलीच्या वीजगृहात वीज निर्माण करून या नदीत सोडले जाते. त्यामुळे कोकणातील इतर लहान नद्या कोरड्या पडतात तेव्हाही ही वाहती असते. पनवेल-रोहा मार्गावर रसायनीनंतरचे स्थानक म्हणजे आपटा. मागे डोंगर, पुढे झाडी आणि गाडी निघून गेल्यावर पुन्हा पसरणारी शांतता. १९९५ साली आलेल्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ या चित्रपटाचा शेवटचा प्रसंग येथेच चित्रित झाला. धावत्या गाडीतून नायकाने पुढे केलेला हात आणि तो पकडण्यासाठी फलाटावरून धावणारी नायिका आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल.

आमच्या सौ.ला तो प्रसंग फार प्रिय. म्हणूनच, निवृत्तीनंतर घेतलेल्या साडेतीनशे सीसीच्या मोटारसायकलवरून कोकणात चार दिवस हिंडून यावे असे ठरले, तेव्हा तिने अट घातली, “आधी आपट्यापर्यंत जाऊन येऊ. जमले तर पुढचे बघू.” त्या वेळी माझे वय अडुसष्ट, तिचे चौसष्ट. तिच्या गुडघ्यांना संधिवात, शिवाय मधुमेहासाठी दिवसातून दोन वेळा इन्सुलिन. अट शहाणपणाची होती. अविचार झाला तो माझ्याकडून.

लिटरचा मोह

दूरच्या प्रवासाला निघणारे लोक मोटारसायकलच्या मागे कुलूपबंद पेटी बसवतात, तिला ‘टॉप बॉक्स’ म्हणतात. मी दुकानात गेलो आणि सर्वांत मोठी पेटी निवडली. दोन हेल्मेटे, दोन रेनकोट, औषधे, पाण्याच्या बाटल्या, सौ.ची शाल असे सगळे तीत मावणार होते. पेटीच्या पुढच्या बाजूला पाठ टेकायला गादीही होती. ‘तिला आराम मिळेल’ हे समर्थन मी स्वतःला दिले. मात्र ती पेटी बसवल्यावर सौ. त्या आसनावर चढणार कशी, हा प्रश्न माझ्या मनात क्षणभरही आला नाही.

मागे काही नसते तेव्हा आपण पाय मागच्या बाजूने फिरवून आसनावर बसतो. पेटी आली की ती वाट बंद होते. मग मागे बसणाऱ्याला पायटेकूवर उभे राहून, गुडघा पूर्ण वाकवून, चालकाची पाठ आणि पेटी यांमधल्या अरुंद फटीतून पाय पलीकडे न्यावा लागतो. तरुणाला यात काहीच वाटत नाही. संधिवाताच्या गुडघ्याला मात्र नेमकी हीच हालचाल सर्वांत अवघड.

घरासमोर मुलाने हात दिला आणि ती कशीबशी बसली. आपटा स्थानकाबाहेर उतरताना मात्र तिचा बूट पेटीच्या कडेला अडकला. ती एका बाजूला कलली आणि तिच्याबरोबर उभी गाडीही. वेग शून्य होता; पण जमिनीला वेगाशी देणेघेणे नसते. तिने हात टेकला आणि मनगटाच्या हाडाला तडा गेला. ज्या फलाटासाठी आलो होतो, तो त्या दिवशी तिने पाहिलाच नाही. परतीचा प्रवास रिक्षाने झाला आणि पुढचे सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये.

घरी मुलाने शांतपणे सांगितले, “बाबा, आता गाडी विकून टाका.” सौ. काहीच बोलली नाही. तिचे ते न बोलणे मला जास्त लागले.

सहा आठवड्यांचा अभ्यास

प्लास्टरच्या त्या सहा आठवड्यांत मी पेटीचा विचार नव्याने केला. या वेळी माझ्या सामानाकडून नव्हे, तर तिच्या शरीराकडून. त्यातून जे समजले ते आपल्यापुढे ठेवतो. आपल्या घरी मोटारसायकल नसेल, स्कूटर असेल, तरीही यातले बरेचसे उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट वजनाची. प्रत्येक चांगल्या पेटीवर किती किलो सामान ठेवावे हे लिहिलेले असते. लहान पेट्यांसाठी ही मर्यादा बहुधा तीन किलोच्या आसपास, मोठ्या व भक्कम पेट्यांसाठी दहा किलोपर्यंत. पेटी मागच्या चाकाच्या आसाच्याही मागे आणि उंचावर असते. तेथे भार वाढला की पुढचे चाक हलके होते, हँडल अस्थिर वाटू लागते आणि गाडी उभी असतानाही तोल सावरायला अधिक ताकद लागते. ती ताकद साठीनंतर कमी झालेली असते. म्हणून पाण्याच्या बाटल्यांसारखे जड सामान खाली, दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत समतोल ठेवावे. पेटीत रेनकोट, शाल, हलकी उशी अशा वस्तू असाव्यात. घरातल्या वजनकाट्यावर भरलेली पेटी एकदा ठेवून पाहा. माझी पहिली पेटी सामानासह अकरा किलो भरली होती.

दुसरी गोष्ट कायद्याची. दुचाकीला मागे बसणाऱ्यासाठी हाताने धरायची मूठ, पाय ठेवायला पायटेकू आणि मागच्या चाकावर झाकण असावे, असा केंद्रीय मोटार वाहन नियमांचा दंडक आहे. पेटीची पट्टी बसवताना अनेकदा मूळची मूठ काढून टाकतात. ती काढू देऊ नका किंवा तितकीच भक्कम दुसरी मूठ लावून घ्या. २०२० साली केंद्र सरकारने दुचाकीवरील हलक्या पेटीच्या मापाचाही नियम केला : लांबी ५५० मिलिमीटर, रुंदी ५१० आणि उंची ५००. पेटी मागच्या आसनावरच ठेवली तर गाडीवर फक्त चालकाने बसायचे. दुसरी व्यक्ती न्यायची तर पेटी आसनाच्या मागे हवी. हेल्मेट दोघांनाही सक्तीचे आहे, हे वेगळे सांगायला नको.

तिसरी गोष्ट औषधांची आणि ती सर्वांत महत्त्वाची. बंद, काळ्या रंगाची पेटी उन्हात उभी राहिली की आतून तापते. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचे असते. वापरात असलेले साधारण महिनाभर घरच्या तापमानात चालते, पण कडक उष्णतेत ते निकामी होते आणि रंग न बदलताही निकामी झालेले असू शकते. बर्फाला थेट टेकवले तर गोठूनही बिघडते. पाण्यात भिजवून वापरायच्या गार पिशव्या मिळतात. त्या बाष्पीभवनाने गार होतात, म्हणून त्यांना हवा लागते. हवाबंद पेटीत त्यांचा काहीच उपयोग नाही. इन्सुलिनची अशी पिशवी आम्ही आता सौ.च्या खांद्याच्या झोळीत, सावलीच्या बाजूला ठेवतो.

इन्सुलिन घेणाऱ्याची साखर एकाएकी उतरू शकते. हातापायांना कंप, घाम, गोंधळल्यासारखे होणे ही लक्षणे दिसली की त्याच क्षणी ग्लुकोज किंवा साखर तोंडात जायला हवी. तेव्हा पेटीची किल्ली शोधत बसायला वेळ नसतो. त्यामुळे आमच्या घरी एक नियम झाला आहे : तातडीला लागणारे अंगावर, सोयीचे ते पेटीत. ग्लुकोज, हृदयविकाराची तातडीची गोळी, औषधांची चिठ्ठी आणि घरच्यांचा फोन क्रमांक हे सर्व खिशात.

चौथी गोष्ट बोटांची. पेटीचे कुलूप दुकानात तुम्ही उघडून पाहता. ते मागे बसणाऱ्याच्या हातांनीही उघडून पाहा. काही कळा एका हाताने दाबत दुसऱ्या हाताने किल्ली फिरवावी लागते. सांधे आखडलेल्या बोटांना ते जमत नाही. पेटी गाडीवरून काढून खोलीत न्यायची असेल, तर भरलेली पेटी एका हाताने कंबरेच्या उंचीवरून उचलता येते का, तेही बघा. आम्ही त्यावर सोपा उपाय काढला. पेटीच्या आत कापडी पिशवी ठेवायची आणि फक्त पिशवी काढायची.

पाठ टेकायच्या गादीविषयीही सांगायला हवे. तिने मागे बसणाऱ्याला बरे वाटते, हे खरे. पण पेटीची पट्टी सामानाचा भार पेलण्यासाठी असते, माणसाचा नव्हे. गादी हलका आधार समजावी. हात मुठीवरच असावेत.

पुठ्ठ्याचा खोका

प्लास्टर निघाल्यावर एके दिवशी सौ.च म्हणाली, “अहो, वाण्याकडून एक खोका आणा बरं.” तिने तो रिकामा पुठ्ठ्याचा खोका मागच्या पट्टीवर बांधायला लावला. मी गाडीवर बसून दोन्ही पाय जमिनीवर रोवले आणि पुढचा ब्रेक धरला. मुलगा शेजारी उभा राहिला. ती अंगणातल्या पायरीवरून चढली. गुडघा अडकला. खोका चार बोटे मागे सरकवला, तरी अडकला. मग तिने आतून दोरी मारून खोक्याची उंची कमी केली. पाचव्या खेपेला तिचा पाय अलगद पलीकडे गेला. मुलाने टेपने माप घेतले. त्या मापाची पेटी साधारण तीस लिटरची निघाली, म्हणजे एक हेल्मेट मावेल एवढीच. दुसऱ्या हेल्मेटसाठी गाडीला कुलपाची कडी लावली. मोठी पेटी माळ्यावर गेली.

आणखी एक निर्णय झाला. पंचावन्न वर्षांनंतर वाहन परवान्याचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठीच होते आणि त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. मी ते केवळ कागदापुरते न घेता डोळे, ऐकू येणे, मानेची हालचाल आणि तोल यांची खरी तपासणी करून घेतली. मुलाला शब्द दिला : ज्या वर्षी डॉक्टर नको म्हणतील त्या वर्षी गाडी उभी राहील. त्याचा विरोध मावळला तो पेटीमुळे नव्हे, या शब्दामुळे. वृद्ध आईवडिलांची काळजी वाहणाऱ्या वाचकांना माझी विनंती आहे : ‘गाडी विका’ म्हणण्याआधी ‘केव्हा थांबायचे ते आपण मिळून ठरवू’ असे म्हणून पाहा. आणि आम्हा ज्येष्ठांनीही ते ठरलेले पाळायला हवे.

पुन्हा आपटा

फेब्रुवारीतल्या एका सकाळी आम्ही पुन्हा निघालो. निघताना तिची साखर तपासली, न्याहारी झाली. कर्नाळ्याला दहा मिनिटे थांबून तिने गुडघे मोकळे केले. खिंडीत पक्ष्यांचे आवाज ऐकू येत होते. मागच्या वेळी मी ते ऐकलेच नव्हते, कारण सगळे लक्ष हँडल सावरण्याकडे लागले होते.

आपटा स्थानकाबाहेर एका ओट्यालगत गाडी उभी केली. मी पाय रोवले, ब्रेक धरला आणि हात मागे केला. तिने हात धरला नाही. आधी मूठ धरली, मग माझा खांदा, आणि सावकाश पाय काढून ओट्यावर उतरली. उतरल्यावर मात्र हातात हात दिला.

फलाटावर आम्ही तासभर बसलो. रोह्याकडे जाणारी गाडी आली, चार माणसे उतरली, दोन चढली आणि गाडी गेली. तिने डबा उघडून पोहे काढले. “पुढे हर्णैला जायचे असेल तर मधे पेणला थांबायचे, आणि ज्या दिवशी गुडघा दुखेल त्या दिवशी गाडीने नाही, रेल्वेने,” तिने सांगितले. मी मान्य केले. हर्णैपर्यंत रेल्वे नाही, हेही तिला सांगितले. “मग रोह्यापर्यंत रेल्वे आणि पुढे एसटी,” ती म्हणाली.

आपल्यापैकी कोणी दुचाकीला पेटी बसवायच्या विचारात असाल, तर लिटर, रंग, किंमत हे सर्व नंतर पाहा. दुकानात जाताना मागे बसणाऱ्याला बरोबर न्या. त्यांना चढू द्या, उतरू द्या, कुलूप उघडू द्या. त्यांना जी पेटी जमेल, तीच आपली पेटी.